मालक असलेला खेळ

१३ डिसेंबर २०१८ रोजी ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीने एक निवेदन प्रसिद्ध केलं. 'हीरोज ऑफ द स्टॉर्म' या गेमवर काम करणाऱ्यांपैकी काही जणांना दुसऱ्या प्रकल्पांवर नेलं जात आहे आणि पुढच्या वर्षी या गेमची जागतिक स्पर्धा होणार नाही, हा त्याचा मथितार्थ. या स्पर्धेवर पोट असलेल्या अनेक खेळाडूंना, प्रशिक्षकांना आणि समालोचकांना ही बातमी बाकीच्या जगाबरोबरच कळली. गेम बंद पडला नव्हता. घरबसल्या कुणालाही तो पूर्वीसारखाच खेळता येत होता. संपला तो लोक पाहायला येत होते तो खेळ, आणि तो हंगामात हरून किंवा प्रेक्षक कंटाळून संपला नाही. मालकाने ठरवलं म्हणून संपला.

ईस्पोर्ट्सचा, म्हणजे प्रेक्षकांसमोर स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमचा, विषय निघाला की चर्चा हटकून एकाच जागी अडते: याला खेळ म्हणायचं का? शरीर कुठे हलतं, घाम कुठे गळतो, मैदान कुठे आहे? या वादात मला आता रस उरलेला नाही. नेमबाजीत शरीर स्थिर ठेवणं हेच तर कौशल्य असतं, आणि बुद्धिबळाला आशियाई स्पर्धांत पदकं मिळालेली आहेत. 'स्टारक्राफ्ट' या लढाईच्या गेमचे अव्वल कोरियन खेळाडू मिनिटाला तीनशेच्या वर कृती करायचे, कीबोर्ड आणि माउस मिळून. मनगटाच्या दुखण्याने कारकीर्द आटोपती घ्यावी लागलेल्यांची यादी या क्षेत्रात लहान नाही. शिवाय अनोळखी माणसाचं कौशल्य पाहायला हजारो लोक वेळ काढून येतात, त्याच्या हरण्याने हळहळतात, तेव्हा व्याख्येचा काथ्याकूट करण्यात काय हशील? प्रश्न विचारायचाच तर मालकीचा विचारावा. लोकांनी पाहून पाहून मोठा केलेला खेळ एका कंपनीची खासगी मालमत्ता असू शकतो का, आणि असला तर त्या मालकीला मर्यादा कुठे घालायची?

यात प्रेक्षकाचा वाटा किती, हे आधी नीट पाहायला हवं. या क्षेत्राबाहेरच्या लोकांना तो दिसत नाही, आणि आतल्या कंपन्यांना तो सोयीस्करपणे विसरायला होतो.

'स्टारक्राफ्ट' १९९८ साली आला. दोघांनी आपापल्या संगणकावर बसून एकमेकांशी लढायचं, एवढाच त्याचा हेतू. तो कुणी तरी तिसऱ्याने बसून पाहावा, अशी त्याची रचना नव्हती. दक्षिण कोरिया तेव्हा १९९७च्या आर्थिक संकटातून बाहेर पडत होता. तासाच्या भाड्याने संगणक मिळणारी 'पीसी बांग' नावाची केंद्रं गल्लोगल्ली निघाली होती आणि तिथे तरुण पोरं हा गेम खेळत होती. एक खेळत असताना चार जण त्याच्या खुर्चीमागे उभे राहत. त्या चौघांना टीव्हीसमोर बसवता येईल, हे कोरियन लोकांनी ओळखलं. २००० साली 'ऑनगेमनेट' ही गेमिंगला वाहिलेली वाहिनी सुरू झाली. त्याच वर्षी खेळाडूंची नोंदणी आणि स्पर्धांचे नियम पाहणारी 'केस्पा' ही संघटना उभी राहिली. समालोचनाची पद्धत, संघांचे गणवेश, खेळाडूंसाठी ध्वनिरोधक खोल्या, सामन्याआधीच्या ओळखफिती, हे सगळं तिथे घडत गेलं. २००४ साली बुसानच्या ग्वांगाली किनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्याला एक लाखाच्या आसपास लोक जमल्याचं सांगितलं जातं. गेम ब्लिझार्डने बनवला हे खरंच. खेळ मात्र कोरियाने बनवला.

अमेरिकेतल्या 'इव्हो' या फायटिंग गेमच्या स्पर्धेचंही तेच. नाणं टाकून खेळायच्या आर्केडमधल्या हौशी पोरांनी ती चालवली. २००४ सालची तिथली एक लढत आजही नवनवे प्रेक्षक शोधून पाहतात. 'स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक'. एका बाजूला जपानचा दायगो उमेहारा, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा जस्टिन वाँग. दायगोच्या पात्राचा जीव इतका थोडा उरला होता की प्रतिस्पर्ध्याचा वार नुसता अडवला तरी तो हरला असता, कारण अडवलेल्या खास वारानेही थोडी इजा होतेच. वाँगने १५ फटक्यांची खास चाल सोडली. त्यावर उपाय एकच होता: प्रत्येक फटका अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी मागे न सरता पुढे कळ दाबायची आणि तो परतवायचा. पहिल्या फटक्याच्या वेळी तर चाल डोळ्यांना नीट दिसण्याआधीच अंदाजाने दाबायची. दायगोने पंधराच्या पंधरा परतवले आणि लगेच उलटा हल्ला करून ती लढत जिंकली. त्या चित्रफितीत कानांवर जो आवाज येतो तो गेमचा नाही, खोलीतल्या माणसांचा आहे. तिसऱ्या-चौथ्या फटक्यालाच लोक उठून ओरडू लागतात, कारण समोर काय चाललंय हे त्यांना कळतं. ते कळणं महत्त्वाचं आहे. पाहणाऱ्याने हा गेम स्वतः हाताने खेळून पाहिलाय, ही गोष्ट आपल्याला जमली नसती हे त्याच्या बोटांना ठाऊक आहे. दायगो पुढे त्या स्पर्धेचा अंतिम सामना हरला. विजेत्याचं नाव आज फारशा लोकांना आठवत नाही, हा क्षण मात्र सगळ्यांना आठवतो. काय जपायचं आणि काय विसरायचं, हे तिथेही प्रेक्षकांनीच ठरवलं.

हे पाहणं इतर खेळ पाहण्यापेक्षा एका बाबतीत वेगळं आहे, आणि मला त्यातच याचं खरं सौंदर्य वाटतं. फुटबॉलमध्ये मैदानावरच्या खेळाडूला जे दिसतं तेच साधारण प्रेक्षकालाही दिसतं. 'स्टारक्राफ्ट'मध्ये किंवा 'काउंटर-स्ट्राइक' या दोन संघांच्या बंदुकांच्या गेममध्ये तसं नसतं. खेळाडूला आपल्या माणसांच्या नजरेच्या टप्प्यातलं तेवढं दिसतं. बाकी सगळा अंधार. प्रेक्षकाला दोन्ही बाजू दिसतात. 'काउंटर-स्ट्राइक'च्या प्रक्षेपणात भिंतीपलीकडच्या माणसांच्या आकृतीसुद्धा दाखवतात. समजा, एका संघाचा एकच गडी उरलाय, समोर तिघे आहेत आणि बाँबची घटिका भरत आलीय. तिघांपैकी एक जण दाराच्या डाव्या कोपऱ्यात दबा धरून बसलाय, हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत असतं. दाराकडे सरकणाऱ्या त्या एकट्याला तेवढं माहीत नसतं. तो उजवीकडे पाहतो, थबकतो, बंदूक डावीकडे वळवतो. का वळवली? काही सेकंदांपूर्वी आलेला पावलांचा आवाज, दुसऱ्याच जागी न दिसलेला माणूस, प्रतिस्पर्ध्याची जुनी सवय, या सगळ्याचा हिशेब त्याने डोक्यात केलेला असतो. उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून तो त्या उत्तरापर्यंत कसा पोचतो ते पाहण्यात जीव गुंततो. नाटकात प्रेक्षकाला जे कळलंय ते पात्राला कळलेलं नसतं, तेव्हा अशीच घालमेल होते. फरक एवढाच की इथे संहिता कुणी लिहिलेली नाही.

हे दिसावं म्हणून पडद्यामागे एक माणूस राबत असतो, त्याला ऑब्झर्व्हर म्हणतात. सामना चालू असताना कॅमेरा कुठे न्यायचा, दहा जणांपैकी कुणाच्या डोळ्यांनी पाहायचं, हे तो ठरवतो. तीन ठिकाणी एकाच वेळी चकमक पेटली की त्याला एकच निवडता येते. चांगल्या ऑब्झर्व्हरला चकमक घडायच्या आधी तिचा वास लागतो. या माणसांची नावं प्रेक्षकांना सहसा माहीत नसतात, आणि हे मला नेहमीच अन्यायाचं वाटत आलं आहे. त्यांच्या जोडीला दोन समालोचक: एक घडतंय ते श्वास न घेता सांगणारा, दुसरा ते का घडतंय ते उलगडणारा. नवख्याला पडद्यावर नुसता रंगांचा गोंधळ दिसतो ही तक्रार खोटी नाही, पण क्रिकेट कधीच न पाहिलेल्याला पायचीतचा निर्णय समजावून पाहा, म्हणजे कळेल. समज यायला थोडे दिवस द्यावे लागतात, एवढंच.

आता पैशांकडे येऊ. 'डोटा टू' या गेमची 'द इंटरनॅशनल' ही वार्षिक स्पर्धा २०११ साली कोलोनमध्ये सुरू झाली. २०१३पासून या गेमच्या मालक व्हॉल्व्ह कंपनीने एक योजना आणली: स्पर्धेच्या निमित्ताने गेममध्ये विकल्या जाणाऱ्या खास वस्तूंच्या रकमेपैकी २५ टक्के बक्षिसात घालायचे. कंपनीची स्वतःची भर १६ लाख डॉलर. २०१९ साली शांघायच्या स्पर्धेचं एकूण बक्षीस ३ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेलं आणि २०२१ साली ४ कोटींवर. म्हणजे बक्षिसाचा बहुतेक भाग खेळणाऱ्या-पाहणाऱ्यांच्या खिशातून आला, आणि त्याच खरेदीचे उरलेले तीन चतुर्थांश कंपनीकडे गेले. मग २०२३ साली कंपनीने धोरण बदललं. बक्षीस ३० लाख डॉलरच्या आसपास आलं. हा निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही. एका स्पर्धेत सगळा पैसा ओतण्याचे तोटेही होते. माझा मुद्दा निराळा आहे. ज्यांनी तो पैसा भरला त्यांना, आणि ज्यांची वर्षं त्यावर बेतलेली होती त्या संघांना, या निर्णयात कसलंही स्थान नव्हतं. कुणी विचारलं नाही, कारण विचारायचं बंधन कुणावर नव्हतं.

इथे लोक म्हणतात, मग यात नवीन काय? क्रिकेटची मंडळं, फुटबॉलचे महासंघ काय प्रेक्षकांना विचारून वागतात? नाही वागत. पण १९७७ साली काय झालं ते आठवा. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने टीव्ही वाहिनीचा मालक केरी पॅकर याला आदल्या वर्षी प्रक्षेपणाचे हक्क नाकारले होते. त्याने क्लाइव्ह लॉइड, व्हिव्ह रिचर्ड्स, ग्रेग चॅपेल, इम्रान खान, टोनी ग्रेग अशी माणसं करारबद्ध केली आणि स्वतःची मालिका उभी केली. क्रिकेटची मैदानं मिळेनात तेव्हा फुटबॉलच्या मैदानात बाहेर तयार केलेल्या खेळपट्ट्या आणून बसवल्या. प्रकाशझोतात सामने खेळवले, रंगीत कपडे आणले. मंडळांनी खेळाडूंवर बंदी घालायचं ठरवलं, तर इंग्लंडच्या न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. १९७९मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मंडळाला पॅकरशी तडजोड करावी लागली. हे शक्य झालं कारण मंडळाकडे स्पर्धा होती, मैदानं होती, मान्यता होती, पण क्रिकेट नव्हतं. बॅट, चेंडू आणि नियम कुणाच्या तिजोरीत नव्हते. नेस्मिथने १८९१ साली १३ नियम लिहून बास्केटबॉल तयार केला. आज दोन टोपल्या टांगून कुणीही तो खेळवू शकतो आणि तिकीटही लावू शकतो.

ईस्पोर्ट्समध्ये पॅकर जन्मूच शकत नाही. इथेच सगळं घोडं पेंड खातं. गेम ही कायद्याच्या दृष्टीने कलाकृती आहे. तिच्या प्रतिमा लोकांसमोर दाखवायला, तिच्यावर स्पर्धा भरवायला मालकाची परवानगी लागते. मैदान, चेंडू, नियम, पंच आणि प्रक्षेपणाचा हक्क, सगळं एकाच्या हातात. एखाद्या मंडळाचा कारभार बिघडला तर क्रीडाप्रेमी दुसरं मंडळ काढण्याची निदान धमकी देऊ शकतात. इथे ती धमकीच देता येत नाही.

कोरियात हा संघर्ष उघडपणे झाला. २००७ साली केस्पाने 'स्टारक्राफ्ट'च्या लीगचे प्रक्षेपण-हक्क विकले, आणि ब्लिझार्डने विचारलं, आमच्या गेमचे हक्क विकणारे तुम्ही कोण? कोरियन बाजूचा युक्तिवाद असा होता की हा खेळ आता सार्वजनिक झाला आहे, फुटबॉलच्या चेंडूवर कुणी कॉपीराइट सांगत नाही. ब्लिझार्डला तो मान्य होणं शक्य नव्हतं. २०१०मध्ये कंपनीने हक्क दुसऱ्या प्रक्षेपकाला दिले, दोन कोरियन वाहिन्यांवर खटला भरला, आणि मे २०११मध्ये समेट झाला. त्या दोनपैकी 'एमबीसी गेम' ही वाहिनी २०१२ साली बंद झाली. त्याच सुमारास आलेल्या 'स्टारक्राफ्ट टू'मध्ये एक बदल होता. पहिल्या गेममध्ये एकाच खोलीतले संगणक तारेने जोडून, कंपनीच्या सर्व्हरला न विचारता खेळता येत असे. दुसऱ्या गेममध्ये ती सोय नव्हती. पुढच्या काळात कुणालाही मालकाच्या दाराशी गेल्याशिवाय सामना सुरूच करता येऊ नये, याची तजवीज गेमच्या रचनेतच झाली.

मला कोरियाचा युक्तिवाद पूर्ण मान्य नाही. चेंडू शिवायला शेकडो माणसांची पाच-सात वर्षं लागत नाहीत. गेम बनवणाऱ्या कलाकारांनी, प्रोग्रामरांनी जी मेहनत घातलेली असते तिचा मोबदला मिळायलाच हवा, आणि सर्व्हर चालवायला पैसा लागतो. मालकाने मनावर घेतलं तर किती भव्य काही उभं राहतं, हेही 'लीग ऑफ लेजंड्स' या गेमने दाखवलंय. २०१७ साली बीजिंगच्या 'बर्ड्स नेस्ट'मध्ये अंतिम सामना हरल्यावर खुर्चीत बसून रडणारा कोरियन खेळाडू फेकर ज्यांनी पाहिला, त्यांना तो दिवस विसरता येणार नाही. त्याच खेळाडूने २०१३मध्ये पहिलं जगज्जेतेपद मिळवलं होतं आणि २०२४मध्ये पाचवं मिळवलं. इतकी लांब कारकीर्द घडायला स्थिर स्पर्धा लागते, आणि ती कंपनीने दिली. पण मोबदला मिळण्याचा हक्क आणि वाटेल तेव्हा दिवा मालवण्याचा हक्क, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज पहिल्याच्या नावावर दुसराही खपवला जातो.

हा दुसरा हक्क कसा वापरला जातो याचं सगळ्यात बोलकं उदाहरण निन्टेंडो या जपानी कंपनीचं. 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' हा २००१ सालचा गेम. कंपनीने नंतर त्याच्या नव्या आवृत्त्या काढल्या, पण स्पर्धक जुन्यालाच धरून राहिले. जड काचेचे जुने टीव्ही वाहून आणायचे आणि सामने खेळायचे, असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. २०१३ साली 'इव्हो'ने एक जागा रिकामी ठेवली: ज्या गेमचे चाहते स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी सर्वाधिक देणगी जमवतील त्या गेमला ती मिळणार. मेलीवाल्यांनी ९४ हजार डॉलरच्या वर रक्कम उभी करून ती जिंकली. स्पर्धा तोंडावर आली आणि निन्टेंडोने कळवलं, प्रक्षेपण करायचं नाही. लोकांचा असा काही संताप उसळला की काही तासांत कंपनीला माघार घ्यावी लागली. पण २०२०मध्ये महामारीत एका जुन्या स्पर्धेने ऑनलाइन सामने ठेवले तेव्हा कंपनीने ते थांबवलेच. चाहत्यांनी बनवलेलं एक सॉफ्टवेअर त्यात वापरलं जाणार होतं, हे कारण. २०२३ साली नियमावली आली: वेगळा परवाना न घेता समोरासमोरच्या स्पर्धेत २००, ऑनलाइनमध्ये ३०० स्पर्धकांपर्यंतच. वीस वर्षं हा खेळ ज्यांनी स्वतःच्या खर्चाने जिवंत ठेवला, त्यांनी किती जण जमवायचे हे ज्याने तो वाऱ्यावर सोडला होता त्याने सांगायचं. मला यात न्याय कुठेच दिसत नाही.

नियमही असेच रातोरात बदलतात. डिसेंबर २०१८मध्ये 'फोर्टनाइट' या गेममध्ये एक प्रचंड ताकदीची तलवार आली, ती नेमकी एका मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात. जिच्या हाती ती लागली ती बाजू वरचढ. ओरड झाल्यावर काही दिवसांत तलवार काढून टाकली. महिनोन्‌महिने सराव केलेल्या स्पर्धकांनी त्या रात्री काय करायचं होतं? बदल वाईट नसतो, पॅचमुळे, म्हणजे कंपनीने गेममध्ये केलेल्या फेरबदलांमुळे, खेळ ताजा राहतो हे मलाही मान्य आहे. पण अंतिम सामन्याच्या मध्यावर यष्ट्यांची उंची कुणी बदलत नाही.

सचोटीचा प्रश्न तर याहून अवघड. २०१०मध्ये कोरियात 'स्टारक्राफ्ट'चे सामने सट्टेबाजांसाठी विकले गेल्याचं उघड झालं. केस्पाने ११ जणांवर कायमची बंदी घातली, त्यात त्या काळातला एक मोठा विजेताही होता. २०१५ साली 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये ठरवून हरणाऱ्यांना व्हॉल्व्हने आपल्या स्पर्धांतून काढलं. तिथे पैज गेममधल्या बंदुकांच्या रंगीत आवरणांवर लागली होती, आणि ती आवरणं विकणारी कंपनी तीच. २०२० साली वेगळाच प्रकार निघाला. गेममधल्या प्रेक्षक-कॅमेऱ्यातल्या एका दोषामुळे प्रशिक्षकाला मॅपवरच्या एका जागेवर खिळून प्रतिस्पर्ध्यांच्या हालचाली दिसत राहायच्या. 'ईसिक' या स्वतंत्र सचोटी आयोगाने जुने सामने तपासून ३७ प्रशिक्षकांवर कारवाई केली. हे शक्य झालं, कारण सामन्यांच्या नोंदी उपलब्ध होत्या आणि आयोग कंपनीच्या पगारावर नव्हता. ज्या गेममध्ये नोंदी कंपनीच्या सर्व्हरवरच राहतात, तिथे अशी तपासणी कंपनीच्या मर्जीवर. ज्याचा माल तोच वजन करणार, असा हा कारभार आहे.

मग काय करायचं? माझ्या मते वाट कॉपीराइटच्याच कायद्यात आहे. संगीताने हा पेच फार पूर्वी सोडवला. अमेरिकेच्या १९०९च्या कायद्याने ठरवलं की गाणं एकदा ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आलं, की ठरलेला दर भरून दुसरा कुणीही ते स्वतः गाऊन मुद्रित करू शकतो. रचनाकाराला पैसे मिळतात, नाही म्हणण्याचा हक्क मिळत नाही. गेमसाठीही असा सक्तीचा परवाना असावा: ज्या गेमची मालक कंपनी स्वतः व्यावसायिक स्पर्धा भरवते किंवा भरवू देते, त्याच्या स्पर्धा ठरलेल्या दराने, सगळ्यांना सारख्या अटींवर, कुणालाही भरवता आणि दाखवता याव्यात. कंपनीला गेम स्पर्धेत उतरवायचाच नसेल तर तिने उतरवू नये. कुणाची जबरदस्ती नाही. पण लोकांकडून टाळ्या आणि पैसे घेऊन खेळ उभा केला, की नकाराधिकार सोडावा लागेल. असा परवाना असता तर २०१८ साली 'हीरोज ऑफ द स्टॉर्म'च्या संघांना स्वतःची लीग उभारता आली असती, चालली असती तर चालली असती. यासोबत अंतिम टप्प्यात गेमची आवृत्ती गोठवणं, स्पर्धा बंद करायची तर एक पूर्ण हंगाम आधी सांगणं आणि सामन्यांच्या नोंदी स्वतंत्र आयोगाला खुल्या ठेवणं, या अटी हव्यात. त्या मागायला फार धाडसही लागत नाही.

कायदे बदलायला वेळ लागतो, आणि तोवर मालकीचा पसारा वाढतोच आहे. सौदी अरेबियाच्या सार्वजनिक निधीच्या एका कंपनीने २०२२ साली ईएसएल आणि फेसइट या दोन मोठ्या आयोजक संस्था दीड अब्ज डॉलरला घेतल्या. २०२४ साली रियाधमध्ये 'ईस्पोर्ट्स वर्ल्ड कप' सुरू झाला. पहिल्याच वर्षी त्याची एकूण बक्षिसं सहा कोटी डॉलरची होती. गेम काही कंपन्यांचे, स्पर्धा एका सरकारच्या. खेळाडूंना पैसा मिळतोय याचा आनंद आहे, पण या रचनेत प्रेक्षक कुठेच नाही.

म्हणून माझी आशा सार्वजनिक क्रीडासंस्थांवर आहे, आणि त्यांच्या हातात किती जोर आहे हे हांगचौच्या आशियाई स्पर्धांनी दोन्ही अंगांनी दाखवलं. २०२३च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झालेल्या त्या स्पर्धांत ईस्पोर्ट्सला पहिल्यांदा अधिकृत पदकं मिळाली. आधी आठ गेम जाहीर झाले होते. त्यांपैकी ब्लिझार्डचा 'हार्थस्टोन' गळाला, कारण ब्लिझार्ड आणि तिचे गेम चीनमध्ये चालवणारी नेटईझ कंपनी यांचा करार फिसकटला आणि जानेवारी २०२३मध्ये तिथले सर्व्हर बंद झाले. काही देशांनी आपले खेळाडू निवडलेही होते. दोन कंपन्यांच्या भांडणात त्यांचं पदकाचं स्वप्न गेलं आणि आयोजकांना काही करता आलं नाही. पण त्याच स्पर्धेत 'पबजी मोबाइल'ची खास आशियाई आवृत्ती खेळली गेली. माणसांवर गोळ्या झाडणं स्पर्धेच्या मूल्यांत बसत नव्हतं, म्हणून तिच्यात खेळाडू शर्यतीतून पुढे जात निशाणांवर नेम धरत होते. एक अब्जावधींची कंपनी पदकाच्या व्यासपीठासाठी आपला गेम मुळापासून बदलायला तयार झाली.

जी कंपनी गेमचा गाभा बदलून देते, ती त्याची गोठवलेली, सर्व्हरशिवाय चालणारी एक प्रत क्रीडासंस्थेकडे ठेवायला का तयार होणार नाही? मागितली तर होईल. २०२६च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धांतही ईस्पोर्ट्स पदकांसाठी आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२४मध्ये सौदी अरेबियाशी केलेला बारा वर्षांचा ईस्पोर्ट्स करार ऑक्टोबर २०२५मध्ये संपवला. ऑलिंपिकच्या ईस्पोर्ट्स स्पर्धांच्या नव्या मांडणीच्या अटी त्यामुळे अजून ठरायच्या आहेत. गेम निवडण्याच्या करारात एक कलम घालायला हवं: निवड झालेल्या गेमची स्पर्धेपुरती आवृत्ती, ती चालवण्याची पूर्ण साधनं आणि सामन्यांच्या नोंदी क्रीडासंस्थेच्या ताब्यात राहतील, आणि कंपनीने पुढे काहीही ठरवलं तरी सदस्य देशांना त्यावर स्पर्धा भरवता येतील. हे कलम ज्या कंपनीला नको असेल तिचा गेम पदकांच्या यादीत घेऊ नये.